मुन्नाची सायकल आणि नानांचं मौन

चहा घ्या आधी. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातात पुन्हा कधी पाना देणार नाही, हे मी लिहून देतो.

आम्ही बनारसचे, म्हणजे दुर्गाघाटावरचे. वडील, नाना, घाटावर याज्ञिकी करायचे. मी विद्यापीठाच्या वर्कशॉपात नोकरीला. पण जीव सगळा सायकलींत. घरात सायकलच्या तेलाचा वास, नाना त्यावर धूप लावायचे, आणि दोघांच्या मध्ये बायको नाकाला पदर लावून फिरायची.

एका वर्षी राष्ट्रीय सायकल स्पर्धा आमच्याकडे आली. ऐन वेळी आमच्या राज्याच्या संघाचा मेकॅनिक टायफॉइडनं अंथरुणाला खिळला आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. माझी कॉलर इतकी ताठ झाली म्हणता, मान वळेना.

संघातला आशेचा मोहरा म्हणजे मुन्ना. पलीकडच्या तीरावरच्या गवळ्याचा मुलगा. लहानपणापासून दुधाचे कॅन लादून सायकल हाणलेली, मांड्या पाहाव्यात. पहिल्या तिघांत आला तर त्याला रेल्वेत नोकरी मिळणार होती, आणि वयाच्या हिशेबानं ही त्याची शेवटची संधी. घरातल्या सगळ्यांचे डोळे त्या नोकरीकडे लागलेले. तो स्वतः त्यावर काही बोलायचा नाही. आदल्या संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाला, "चाचा, साइकिल आप सँभालिए, टाँग मैं सँभाल लूँगा।"

घ्या. आता मला झोप लागेल का?

त्याची जादा सायकल, म्हणजे वाटेत काही मोडलं तर द्यायची ती, मी खांद्यावर टाकून गल्लीबोळांतून घरी आणली. संघ उतरला होता त्या लॉजवर माझा भरवसा नव्हता. आमच्या गावात सायकल टेकवून पाठ फिरवली की ती दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलीच म्हणून समजा. म्हणून बाजारातून जाडजूड साखळी आणि अलीगढचं कुलूप आणलं. दाबलं की खटकन लागणारं, पण उघडायला किल्लीच हवी. ती किल्ली बांधली जानव्याला. हसताय काय? आमच्या गल्लीत निम्म्या पुरुषांच्या किल्ल्या तिथेच असतात. खिसा फाटतो, जानवं कधी तुटत नाही, असा हिशेब.

शर्यतीच्या सकाळी अंगणात उघड्या अंगानं बसून सायकलच्या चेनला तेल देत होतो. पॅडल फिरवलं, नीट बघायला खाली वाकलो, आणि जानवं गेलं चेनमध्ये. दातेचक्रानं ते असं ओढलं की माझं नाक सीटला लागलं. तट्‌दिशी तुटलं.

नाना समोरच जपाला बसले होते. जप संपेपर्यंत त्यांचं कडक मौन, घराला आग लागली तरी हातवारे करूनच सांगतील. त्यांनी डोळे वटारले आणि नदीकडे बोट दाखवलं. अर्थ स्पष्ट होता. तुटलेल्या जानव्यानं शर्यतीला जायचं नाही. धावत घाटावर गेलो, बुडी मारली, नवं जानवं घातलं. नाना मागोमाग पायऱ्या उतरून आले होते. तुटलेलं त्यांच्या हातात कोंबलं आणि तसाच घरी पळालो. मागे वळून पाहिलं तर नाना ते गंगेत सोडत होते.

निघताना बायकोनं दिलेला दशम्यांचा डबा नानांनी माझ्या हातात ठेवला. जप अजून संपला नव्हता, म्हणून नुसती डब्यावर टिचकी मारली, माझ्या छातीवरच्या जानव्याकडे बोट केलं आणि हवेत हात गोल फिरवला. पुन्हा डबा, पुन्हा जानवं, पुन्हा हात गोल.

याज्ञिकाचा मुलगा मी, मला कळणार नाही? नवं जानवं आहे, डबा उघडलास की आधी चित्राहुती घाल. म्हणजे जेवणाआधी तळहातावरचं पाणी ताटाभोवती फिरवून घास बाजूला ठेवायचा, तेवढं चुकवू नकोस. मी मान डोलावली. नानांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आशीर्वादच दिला.

सायकल खांद्यावर घेऊन सडकेवर आलो. तिथे आमची जीप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर लल्लन. सायकल जीपच्या टपावरच्या कॅरियरवर चढवली. भोवती ही गर्दी, म्हणून साखळी तिच्या सांगाड्याच्या त्रिकोणातून ओवून कॅरियरच्या पाइपाभोवती घेतली. खटकन. आता ब्रह्मदेव आला तरी ही सायकल नेऊ शकत नाही, असं मी लल्लनला अभिमानानं सांगितलं. ते अगदी खरं ठरलं.

लल्लनची नजर मात्र डब्यावर. "पंडितजी, डिब्बा खोला जाए?"

"नाही, नाही. पाणी नाही, बसायला जागा नाही. नंतर."

शर्यत सुटली. आम्ही मागे जीपमध्ये. मुन्ना पुढच्या पाचांत होता, बगळ्यासारखी मान ताणून. मी प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत होतो. निम्म्या वाटेवर लल्लननं पुन्हा विचारलं, "पंडितजी, अब खोलें?" मी त्याच्यावर खेकसलो.

परतीच्या टप्प्यात एका गावाजवळ पुढच्या सायकली अचानक डावीकडे वळल्या आणि मुन्नाचं पुढचं चाक थेट खड्ड्यात गेलं. पोरगा उठला, गुडघा फुटलेला, पण उभा होता. सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, मात्र साफ वाकलेला. चाक बदलून भागणार नव्हतं. जादा सायकलच हवी.

मी टपावर चढलो. सदऱ्यात हात घातला. जानवं चाचपलं. इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं. हळदीचं पिवळंधम्मक, कोरं करकरीत, नवं जानवं. त्याला काही म्हणजे काही लटकत नव्हतं.

माझ्या डोळ्यांपुढे नाना आले. पायरीवर उभे, हात पुढे केलेला, आणि माझी किल्ली जानव्यासकट गंगेच्या धारेला लागलेली.

"चाचा?" मुन्ना खालून म्हणाला.

हातोडी घेऊन कुलपावर हाणली. एकदा, दोनदा, दहादा. कुलूप ढिम्म हललं नाही, माझा अंगठा तेवढा सुजला. एकेक सायकल सूं करून शेजारून जात होती. या पोराची नोकरी मी स्वतःच्या हातानं कुलूपबंद केली होती. खरं सांगतो, मला रडू यायला लागलं होतं.

लल्लननं खालून डबा वर धरला. "पंडितजी, पहले कुछ खा लीजिए। खोलूँ?"

"हात नको लावूस त्या डब्याला!" मी ओरडलो. "पाणी फिरवल्याशिवाय तो उघडायचा नाही!"

मुन्नानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साखळीकडे. आवाज चढवला नाही. "चाचा, ताला छोड़िए। पाइप खोल दीजिए।"

पाइप! दोन बोल्टांवर बसवलेला साधा पाइप. मेकॅनिक म्हणून मिरवणारा मी, माझ्याच खिशात पाना होता. बोल्ट काढले, पाइप एका बाजूनं सुटला, साखळी त्यावरून सरकवली आणि सायकल खाली आली. कुलूप-साखळी अर्थातच तिच्या त्रिकोणात तशीच लोंबत होती. लल्लननं आपला गमछा काढून ती सीटखालच्या नळीला करकचून बांधली. मुन्ना बसला आणि निघाला. खळ्‌खळ्‌ खळ्‌खळ्‌.

पुढचा रस्ता मी कसा काढला ते विचारू नका. तो एकेकाला गाठत होता आणि त्याची साखळी जीपमध्ये ऐकू येत होती. लोकांना वाटलं, बनारसची काहीतरी खास पद्धत असेल. शेवटच्या वळणावर तो चौथा होता. मी डोळे मिटून घेतले. मग लल्लननं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की डोळे आपोआप उघडले. तिसरा. अर्ध्या चाकानं तिसरा.

मुन्ना रस्त्याकडेला बसला. मी त्याच्यापुढे हात जोडले, तर तो म्हणाला, "चाचा, भूख लगी है।"

पहिला मान त्याचाच. मी तळहातावर पाणी घेतलं, लल्लनला म्हटलं, खोल बाबा आता. झाकण निघालं. मी मोठ्या भक्तिभावानं डब्याभोवती हात फिरवायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच थांबलो. पाणी फिरवताना तळवा पसरट असतो. सकाळी नानांनी हवेत हात फिरवला तेव्हा त्यांची बोटं चिमटीत होती, किल्ली धरल्यासारखी.

सगळ्यात वरच्या दशमीवर, चटणीच्या शेजारी, किल्ली ठेवलेली होती.

मुन्नानं ती चाटून पुसली, सायकलचं कुलूप उघडलं आणि साखळीसकट माझ्या हातात दिलं. लल्लननं दशमी तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "पंडितजी, हम तो सुबह से कह रहे थे, खोल लीजिए।"