आत्याने गाडीला दिलेलं शेत

आत्याने हात वर केला की बस थांबायचीच. तिथे थांबा आहे की नाही, हा ड्रायव्हरचा प्रश्न. अंबाडी नाक्याच्या अलीकडे, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती रस्त्याच्या मधोमध उभी राही. कंडक्टर कुरकुरला तर म्हणे, "मी बरोबर जागी हाय. तुमचा थांबाच चुकलाय."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी, दिघाशीला परतली, तेव्हा आजोबांनी रस्त्याकडेचं एक शेत तिच्या नावे करून दिलं. पावसाळ्यात त्यात भात पिके, आणि नंतर लावलेली भाजी ती भिवंडीत विके. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या भय्यांशी तिचं हिंदी ऐकावं! "भेंडा ताजा हाय, भाई. लेना हाय तो लेव, दाबके मत देखो." ते हसत, आणि मुकाट्याने घेत.

मी सातवी पास झाले आणि घरात पेच पडला. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मला पुढे शिकायचं होतं ते भिवंडीत, आणि बस पकडायला पार अंबाडीपर्यंत चालत जावं लागे. बाबा म्हणाले, "एकटी पोर रानातून चालत जायाची न्हाय. शिकली तेवढं पुरे." मी रडून रडून डोळे सुजवले. आत्या कुणाला कुरवाळणारी नव्हतीच. "रडून गाडी येत न्हाय. मी आणते," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पाटी रिकामी होताच थेट एसटीच्या आगारात जाऊन बसली. रोज जाऊ लागली. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "बाई, रस्ता आहे, पण तुमच्या गावात गाडी वळवायची कुठे?"

"माझ्या शेतात," आत्या म्हणाली.

चाचणीसाठी रिकामी बस यायची ठरली. भात झोडायचं खळं त्याच शेतात होतं. गाडी यायची म्हणजे पाहुणाच यायचा, म्हणून गावातल्या बायकांनी सकाळी उठून अख्खं खळं शेणाने सारवलं, कडेने रांगोळीही घातली. व्हायचं तेच झालं. ओल्या शेणावर चाकं घसरली आणि बस मागच्या मागे बांधावर जाऊन बसली. साहेबांनी हातच जोडले. आत्या मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "साहेब, शेण चुकलं आमचं, जागा न्हाय चुकली. मुरूम टाकते. पुन्हा या."

बाबा चिडले. "बाय, मुरूम पडला की शेत गेलं. खळं गेलं. भात कुठं झोडशील?"

"तुझ्या खळ्यात. भाऊ कशाला हाय?"

मुरमाची पहिली बैलगाडी बाबांनीच हाकली. मुरूम चोपून बसवल्यावर साहेब पुन्हा आले, बस सुरळीत वळली, आणि शाळा उघडली तेव्हा मी त्याच बसने भिवंडीला गेले. माझ्यामागून गावातल्या आणखी मुली निघाल्या.

पुढे मी भिवंडीतच शिक्षिका झाले. आत्याने त्याचं कधी कौतुक केलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटे. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, "त्या शेतात भात लई चांगला व्हायचा गं." तिने माझा हात धरला.

"पण तू त्याहून बरी झालीस."