थांबलेले बोट

आखातात, आमच्या अल मजाज वस्तीतल्या इमारतीत राहणारे ते रत्नागिरीकडचे गृहस्थ मोठे उतावळे. लिफ्टचे बटण ते दाबतच राहत, आणि माझे वाक्य माझ्याआधी स्वतःच पूर्ण करत. ‘काका, यल्ला, चला!’ म्हणत एकदा त्यांनी मला वाळवंटातल्या नेमबाजीच्या स्पर्धेला नेले. रायफल, शॉटगन आणि पिस्तूल, तिन्ही घड्याळाशी शर्यत लावून चालवायची होती. पहिल्या दोहोंत ते सर्वांच्या पुढे होते. पिस्तुलाचे एकच निशाण उरले असताना बार फुसका निघाला.

‘अरे, थांबलास काय? मार!’ त्यांचे मित्र ओरडले.

दुसरी गोळी भरून लगेच झाडली असती, तर चषक त्यांचाच होता. त्यांनी मात्र नळी वाळूच्या बांधाकडेच रोखून धरली, बोट चापावरून काढले आणि डावा हात वर केला. पंचांनी पिस्तूल रिकामे करून नळीत सळई घातली, तेव्हा ती आत अडकलेल्या गोळीवर आपटली. पुढचा बार झाला असता, तर पिस्तूल हातातच फुटले असते.

‘कप गेला, काका. खलास!’ ते हसत म्हणाले.

इंद्रियनिग्रहावर मी आयुष्यभर प्रवचने केली. तो प्रत्यक्ष घडताना त्या दिवशी पाहिला. नकळत मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.