काळी फुली मारलेल्या पुंगळ्या

त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे आधी पितळेवरची काळी फुली येते.

मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. पुण्याहून इंजिनिअरिंग शिकायला आलो आणि पोलीस खात्यात रमलो. एका शनिवारी शूटिंग क्लबमधून फोन आला. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरताना एका मराठी काकांच्या शॉटगनची नळी फुटली होती. डाव्या हाताची दोन बोटे फाटली, पण तेवढ्यावर निभावले. अपघात म्हणून नोंद होऊन विषय संपला असता. पण काकांचा मुलगा थेट ठाण्यात आला.

"हे मुद्दाम केलंय," तो इंग्रजीत म्हणाला आणि खिशातून काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्हींच्या पितळी बुडावर काळी फुली होती.

त्याचा संशय वडिलांच्या जुन्या मित्रावर होता. हे मित्र नागपूरचे. झाडलेल्या पुंगळ्यांत बुडाच्या मधोमध ठिणगी पाडणारी नवी कॅप बसवून, दारू आणि छर्रे भरून ते दोघांसाठी काडतुसे तयार करत. अलीकडे दोघांचे क्लबमध्ये सगळ्यांसमोर भांडण झाले होते आणि बोलणे बंद होते. सदोष काडतुसे ओळखू यावीत म्हणून त्यांनी फुली मारली आणि ती वडिलांना दिली, असे मुलाचे म्हणणे होते.

नागपूरचे काका बोलावताच आले. कॅमेरा सुरू करून मी त्यांना गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क वाचून दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्याची बोटं वाचली ना?"

"वाचली. काका, ही फुली तुमची?"

"माझीच. बाद पुंगळीवर मारतो. तोंडाच्या पाकळ्या चिरल्या, पितळ हललं, आतलं बूड उचललं, की ती परत भरायची नाही. बूड सुटून नळीत अडकलं तर पुढचा बार नळीच फोडतो."

"मग या भरल्या कोणी?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. नंतर एक शब्द नाही. वकीलही मागितला नाही. काचेपलीकडचा माझा सहकारी गुन्हा दाखल करायच्या तयारीत होता.

मी पुंगळ्या भिंगाखाली धरल्या. एकीचे आतले बूड गायब होते; तेच नळीत अडकले असणार. फुलीच्या रेघा मधल्या कॅपच्या कडेपर्यंत येऊन थांबत होत्या. कॅप स्वच्छ होती. पुंगळी भरताना जुनी कॅप काढून नवी बसवतात. म्हणजे फुली आधीची, भरणे नंतरचे. भरलेल्या काडतुसावर खूण केली असती, तर शाई कॅपवरूनही गेली असती. बाद पुंगळ्या कोणीतरी उचलून भरल्या होत्या.

मी हॉस्पिटलमध्ये गेलो. मुलाला कॉफी आणायला पाठवले.

"काका, पुंगळ्या भरायचं मशीन तुम्हीही घेतलंय का?"

त्यांनी नजर बँडेजकडे वळवली. "गराजमध्ये आहे. भांडण त्यावरूनच झालं. मी म्हटलं, चांगल्या पुंगळ्या फेकतोस. तो म्हणाला, मग तुझ्या तू भर. त्याच्या बेसमेंटमधून माझं सामान आणताना बादलीतल्या फुलीवाल्या उचलल्या. म्हटलं, दाखवतोच याला." मग ते म्हणाले, "मुलाला सांगू नका. बंदूक काढून घेईल. आधीच म्हणतो, बाबा, आता पुरे."

"ते कळू नये म्हणूनच तुमचा मित्र ठाण्यात गप्प बसलाय. स्वतःवर गुन्हा येतोय तरी."

काकांचा चेहरा उतरला. "मला फोन द्या, त्याच्याशी बोलतो," ते म्हणाले. "पण आधी मुलाला बोलवा. मीच सांगतो."

प्रकरण अपघात म्हणून बंद झाले. मुलाने ठाण्याच्या दारातच नागपूरच्या काकांची माफी मागितली. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, तुझ्या बापाला भेटू." बोटे बरी झाल्यावर दोघे पुन्हा एकत्र क्लबला जाऊ लागले. काडतुसे नागपूरचेच काका भरतात. बाद पुंगळीचे तोंड आता ते कात्रीने कापूनच टाकतात.

संशयित गप्प बसला की तो काहीतरी लपवतो, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलेले असते आणि ते खरेही आहे. पण तो कोणासाठी लपवतो, हा प्रश्न त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो. निवृत्त होईपर्यंत त्या प्रश्नाने मला अनेकदा योग्य दारापर्यंत नेले.