पडवीतले बूट

आमच्या धसईचा गिरणीवाला चालायचे बूट माझ्या पडवीत ठेवतो. म्हणतो, "घरात ठेवले तर पाय निघत नाय, बाबा. इथं तुमी शिव्या तरी घालता." त्याचं पोट असं सुटलेलं की भात लावायला वाकता येईना. दरसाल लावणीला घरचे त्याला चहा आणायला पिटाळायचे, ते त्याला लागायचं. चार दिवस जोरात चालायचा, मग दडी मारायचा. मी पण हट्टी. बूट उचलून गिऱ्हाइकांदेखत गिरणीत नेऊन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी तो पडवीत हजर.

काल हा गडी लावणीच्या चिखलात उतरला, वाकला आणि रोपं लावतच गेला. त्याची वहिनी हसली, "भावजी, आता चहा कोण आणील?"

तो मान वर न करता म्हणाला, "बांधावर बाबा हायत की."

उभ्या जन्मात मी कुणाला चहा नेला नाय. काल किटली घेऊन जवळजवळ पळतच गेलो.