धुतलेल्या हातांचा कंप्युटर

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर कुणाला गहिवर आला की निशा फोन पालथा घालायची. आणि या गटाला गहिवर रोज यायचा. कधी बोरकुटाच्या पुडीचा, कधी शाळेच्या घंटेचा. त्या दिवशी गटाचा हौशी पुढारी चिन्मय यानं लिहिलं, ‘आठवतो का आपला कंप्युटर? आपण सगळे कसे त्याच्यावर तुटून पडायचो!’ खाली बदामांची रांग लागली. निशानं फोन उशीखाली सारला. आपण सगळे म्हणे!

कंप्युटर शाळेत आला ते साल दुष्काळाचं होतं, आणि त्याच्या आधीचंही. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. एकच मशीन, ते टीव्हीला जोडायचं आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून त्यात प्रोग्रॅम चढवायचा. खोलीला पडदे, चपला दाराबाहेर, आणि मधुसूदन सरांचा नियम असा की हात धुतल्याशिवाय मशीनला बोट लावायचं नाही. नियमात वावगं काही नव्हतं. फक्त शाळेच्या नळाला महिनोन्महिने पाणी नव्हतं. सिडकोतल्या ज्या मुलांच्या घरी हौद होते ती वॉटरबॅगमधून पाणी आणायची, पायरीवर ऐटीत हात धुवायची आणि आत शिरायची. खोलीतल्या कूलरमध्ये मात्र शिपाई रोज टँकरची घागर ओतायचा, मशीनला उकडू नये म्हणून. पोरांच्या घशाला कोरड पडली तरी चालत होतं.

निशाच्या वस्तीत टँकर आला की तिची आई कडूबाई भांडून हंडा भरून आणायची. निशानं हात धुवायला पाणी मागितलं तेव्हा ती कडाडली, “प्यायला नाय घोटभर, अन् तुझ्या मशीनपायी पाणी सांडू व्हय गं?” तरी सकाळी तिनंच दुधाच्या पावडरचा रिकामा डबा भरून दिला. “जपून ने. लई भांडून आणलंय.”

निशा पायरीवर हात धुऊन मशीनपाशी जाऊन उभी राहिली. सरांनी तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं न पाहिलंसं केलं. “तुझे वहीतले प्रोग्रॅम छान असतात,” ते म्हणाले. “तू वाचून दाखव, वैदेही टाइप करेल. तिचा हात बसलाय.” वैदेही म्हणजे सरांची लाडकी. मग वर्षभर तेच. निशानं मागं उभं राहून ओळी सांगायच्या, वैदेहीनं बडवायच्या, आणि पडद्यावर वर्तुळ उमटलं की टाळ्या वैदेहीला. पाण्याची सबब तर संपली होती. मग अडत काय होतं, ते बारा वर्षांच्या पोरीलाही कळलं. त्याची शिसारी तिच्या अंगातून पुढं कधी गेली नाही.

निशा शिकली, प्रोग्रॅमर झाली, मुकुंदवाडीत फ्लॅट घेतला. शहर वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत फुगलं आणि नळाला पाणी आठवड्यानं यायला लागलं. दर रविवारी ती ब्राउझरमध्ये तेच जुनं मशीन बांधत बसायची. त्याला एमुलेटर म्हणतात. पान उघडलं की तोच निळा पडदा, तोच लुकलुकणारा ठोकळा, कॅसेटचा तोच किरकिराट. जुनी चिप जिथं अडखळायची तिथं हिचं पानही अडखळायचं. ऑफिसात ती याला टाइमपास म्हणायची. खरं कारण सांगायची तिची तिलाच लाज वाटे. तिला त्या मशीनपुढं बसायचं होतं, आणि तेही त्याच लोकांच्या देखत.

म्हणून गटावर जुन्या वर्गाचा मेळावा ठरला तेव्हा तिनं चिन्मयला कळवलं, ‘कंप्युटर मी बनवलाय. मेळाव्यात आणते. पण पहिला प्रोग्रॅम मी टाइप करणार.’

‘क्या बात! डन,’ चिन्मयचं उत्तर आलं.

मेळावा खुलताबादच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होता. मे महिना. वाटेतल्या गावांत टँकरभोवती झुंबड, आणि रिसॉर्टचं गेट ओलांडलं की ‘रेन डान्स’! भिंतीआड टँकर उभे, वरून फवारे, आणि खाली पन्नाशीला टेकलेली, पोटं सुटलेली मंडळी भिजत नाचतायत. निशाला किळस आली. गाडी वळवून घरी जावं असं वाटलं. पण ती लॅपटॉप कवटाळून हॉलमध्ये गेली.

भिंतीवरच्या पडद्यावर निळं पान उघडलं, कॅसेट किरकिरली, आणि मंडळी विरघळली. काहींनी तर डोळे पुसले. थकलेल्या मधुसूदन सरांना धरून मंचावर आणलं. चिन्मयनं त्यांच्यापुढं माइक धरला. सर मिस्कील हसले.

“हात धुतलेत का सगळ्यांनी?”

हॉल खो खो हसला. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी विकतच्या पाण्याची बाटली उघडली, पुण्याहून आलेल्या वैदेहीनं ओंजळ पुढं केली, आणि पाणी गालिच्यावर सांडत राहिलं. फोटो निघाले. हात झटकत वैदेही थेट खुर्चीत जाऊन बसली.

“निशा, ये ना! तू सांग, मी टाइप करते. अगदी तस्संच!”

चिन्मय टाळ्या पिटत होता. दिलेला शब्द त्याच्या गावीही नव्हता.

“ऊठ,” निशा म्हणाली.

वैदेहीला ती थट्टा वाटली.

“वैदेही, ऊठ तिथनं. मला बसायचंय.”

वैदेही गोंधळून उठली. “अगं, मग तेव्हाच नाही का सांगायचंस? मला तर वाटायचं, तुला टायपिंगचा कंटाळा आहे.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत आलं होतं, आणि निशाला सगळ्यात जास्त तिटकारा त्याचाच आला. ती खुर्चीत बसली.

सर चिन्मयकडं झुकले. “कोण रे ही? आपल्या शाळेतली?” माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

निशानं मान वर केली नाही. तिनं दोनच ओळी टाइप केल्या, कुणीही पोर पहिल्या दिवशी लिहितं तसल्या. एक, माझं नाव छाप. दोन, परत वर जा. मग तिनं प्रोग्रॅम चालू केला. निळ्या पडद्यावर निशा, निशा, निशा अशा ओळीमागून ओळी भरभर उमटत वर सरकायला लागल्या. सर चष्मा सावरून बघत राहिले.

थोड्या वेळानं चिन्मय तिच्या कानाशी कुजबुजला, “बास की आता. थांबव ना.”

“थांबायची ओळ टाकलीच नाय,” निशा म्हणाली.