हरिश्चंद्र पड्याळांचा वाल्वचा डबा

भाईंदरला केबिन रोडच्या मागच्या चाळीत राहणारे हरिश्चंद्र पड्याळ भित्रे होते, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. लिफ्टमध्ये ते चढत नसत. कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की गॅलरीत जाऊन उभे राहत. फोन वाजला की आधी घरातली सगळी माणसं घरातच आहेत ना ते बघत आणि मग रिसीव्हर उचलत, तोही असा, जणू आतून कोणी चावेल. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशची मशीनं गरगरायला लागली की ते भिंतीला चिकटून उभे राहत, म्हणून त्यांनी स्वतःहून पॅकिंग मागून घेतलं होतं. दिवसभर टोपांमध्ये कागद कोंबायचे आणि संध्याकाळी जिन्याच्या कठड्याला धरून घरी यायचं.

पण हा माणूस हवाईन गिटार वाजवायचा. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातला चकचकीत स्टीलचा रॉड तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने छेडायचं. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर त्यांचा रॉड असा निघायचा, जसा कोणी गळ्यातून हळूच हुंदका ओढावा. कारखान्यात त्यांना "ए पॅकिंग" म्हणत. ईश्वरच्या ऑर्केस्ट्रात बसले की लोक "गिटारवाले काका" म्हणत. त्या एका हाकेवर पड्याळांचा आठवडा निघायचा.

दोन हजार चारच्या गणपतीआधी ईश्वरने नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. दिसायला रुबाबदार, आवाजाला पत्रा. तालमीत पड्याळांनी पहिली तार छेडली तर हॉलमधलं एक लहान मूल रडायला लागलं. ईश्वर हा ऑर्केस्ट्राचा मालक, निवेदक आणि गायकही, म्हणून साधं बोलतानाही माईकवर असल्यासारखाच बोलायचा. तो म्हणाला, "पड्याळ, हात तुझा सोन्यासारखा आहे रे. पण ऐकायला त्रास होतोय. गिटार रडली पाहिजे, ही किंचाळतेय." मग त्याने उर्मिलाकडे बघितलं. उर्मिला कीबोर्ड वाजवायची आणि तिच्या कीबोर्डमध्ये एका बटणावर गिटारही होती. ती बिचारी खाली बघून बोटं मोडत बसली. ईश्वरने निकाल ठेवला रविवारच्या तालमीवर. आवाज सुधारला तर पड्याळ, नाहीतर बटण.

त्या रात्री पड्याळ जेवले नाहीत. मंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, पित्त.

दुसऱ्या दिवशी ते भाईंदर पश्चिमेला गुणवंतभाईंच्या दुकानात गेले. गुणवंतभाई जुने रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ कोणी आणत नव्हतं, पण दुकान रोज उघडायचं आणि गुणवंतभाई रोज आत बसून कशाचा तरी वास घेत असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरिशभाई, तुमी टेन्शन नै घ्या. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमदी ट्रान्झिस्टर हाय, तो मिक्सरमधली चटणी देते. आपल्याला पाट्यावरची पाहिजे." उपाय असा होता, की गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे एक डबा घालायचा आणि डब्यात जुन्या रेडिओतला काचेचा वाल्व. आवाज आधी वाल्वमधून जाईल, तिथे शेकून निघेल आणि मग पुढे. टोक जाईल, ऊब येईल.

पड्याळांनी विचारलं, आत करंट किती?

गुणवंतभाईंनी अभिमानाने सांगितलं, अडीचशे व्होल्ट. आणि डबा बंद केल्यावरसुद्धा आतल्या कंडेन्सरमध्ये थोडा वेळ राहतो, म्हणून झाकण उघडायचं नाही. पड्याळ स्टुलावरून उठलेच. गुणवंतभाईंनी त्यांना धरून बसवलं, तीन पिनांची जाड वायर दाखवली, अर्थिंग दाखवलं, शपथ घेतली. "करंट आत राहते हो. तारेपर्यंत येते ती नुसती गोडी."

आता पड्याळांची ही भीती मात्र कुकरसारखी फुकटची नव्हती. गुहागरकडच्या त्यांच्या गावात एकदा पूजेचा कार्यक्रम होता. त्यांचा आतेभाऊ लवू गिटारवर होता, पड्याळ शेजारी मांडी घालून झांज घेऊन. बोर्डात पिन बसत नव्हती, म्हणून कोणीतरी वायरी उघड्या करून काडेपेटीच्या काड्यांनी खोचल्या होत्या. लवूचा एक हात तारांवर होता आणि दुसऱ्याने तो माईक सरळ करायला गेला. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. स्पीकरमधून मात्र घूं असा आवाज येत राहिला आणि लोकांना वाटलं, सेटिंग चाललंय. लवू वाचला, पण त्याची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. तेव्हापासून पड्याळ गिटार हातात घेण्याआधी तारांना हाताची पालथी बाजू लावून बघायचे, लेकराचा ताप बघावा तशी. ऑर्केस्ट्रातली पोरं हसायची. उर्मिला रोज विचारायची, "काका, किती आहे आज?"

डबा घरी आला आणि कपाटावर टॉवेलात गुंडाळून बसला. पड्याळ येताजाता त्याच्याकडे बघायचे. झोपायची जागा त्यांनी बदलली. डबा कशाला लावलेलाही नव्हता, तरी मंदावहिनींनी कपाट पुसायला ओलं फडकं घेतलं की हे लांबूनच हात करायचे. शेवटी वहिनी वैतागल्या. "अवो, डबा हाय तो, जनावर न्हाय. लावा तरी, न्हायतर परत देऊन या. माझ्या घरात टॉवेल पाहुण्यासारखा बसलाय."

शनिवारी दुपारी त्यांनी तो घरातल्या टेपरेकॉर्डरला जोडून लावला. कसा लावला, ते सांगण्यासारखं आहे. लाकडी पाटावर पाट ठेवला, त्यावर बसले. पायात रबरी स्लिपर. वहिनींना मेन स्विचपाशी उभं केलं आणि सांगितलं, मी बोलायचा थांबलो की खटका पाड. आणि मग शांतपणे रॉड घेतला, त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली, वर आणखी एक वेढा दिला. डाव्या हातात टेपवाला रॉड, उजव्या बोटांत प्लास्टिकच्या नख्या, तळवा तारांपासून उंच धरलेला, जणू तवा तापलाय. ते वाजवत होते आणि सतत बोलतही होते, "आहे, आहे, मी आहे." वहिनी म्हणाल्या, "ऐकू येताय, तुमी हायसा." काही झालं नाही. आवाज काय आला, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जिवंत राहिलो, एवढंच त्यांना कळलं आणि त्यांना वाटलं, जमलं.

रविवारी हाटकेश भागातल्या एका बंद गाळ्यात तालीम होती. पड्याळांनी डबा लावला, डब्याच्या भोकातून दिसणारा वाल्व लालसर होईपर्यंत थांबले, गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले.

आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. किंकाळी गेली होती, पण सूरही गेला होता. रॉड सरकायचा आणि मागे नुसतं भुसभुशीत काहीतरी उरायचं. तबल्यावाला हात थांबवून बसला. ईश्वरने कपाळावरून हात फिरवला आणि आज पहिल्यांदाच माईकशिवाय बोलल्यासारखा हळू बोलला. "पड्याळ, मेला रे आवाज. राहू दे. उर्मिला, तू घे."

उर्मिलाने बटण दाबलं नाही. ती उठून जवळ आली, वाकली आणि म्हणाली, "काका, रॉडला काय लावलंय?"

सगळ्यांनी बघितलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. पड्याळांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उर्मिला हसली नाही. ती हळूच म्हणाली, "टेप काढा. स्टीलला स्टील लागल्याशिवाय बोलणार कसं?"

पड्याळांना ते माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं वाजवणाऱ्याला ते माहीत नसेल? पण माहीत असणं वेगळं आणि अडीचशे व्होल्टच्या डब्याला जोडलेल्या तारेवर उघडा हात टेकणं वेगळं. त्यांनी टेपचं टोक शोधलं. नख लागेना. टेप निघाली तशी बोटांना चिकटली, बोटांवरून दुसऱ्या हाताला. ईश्वरने घड्याळाकडे बघितलं. रॉड उघडा झाला, गाळ्याच्या ट्यूबलाइटमध्ये चमकला. पड्याळांनी हाताची पालथी बाजू तारांकडे नेली आणि मधेच मागे घेतली. पुन्हा नेली. पुन्हा मागे. डोळ्यांसमोर लवूचं उघडं तोंड. पाठीवरून घाम असा उतरला की त्यांना आणखीच भीती वाटली, ओल्या अंगाला तर जास्त लागतो.

"काका," उर्मिला म्हणाली, "मी धरू का आधी?"

"नको," पड्याळ ओरडलेच. तिने हात लावायच्या आत त्यांनी स्वतःचा लावला. पालथा नाही, सगळाच, रॉडसकट, तळव्यासकट.

तारा थंड होत्या.

मग त्यांनी छेडलं. आणि गाळ्यात जो सूर आला, तो कोणी ओळखला नाही. तोच हात, तीच गिटार, पण कोणीतरी त्या पत्र्यावर तूप लावलं होतं. सूर निघाला, घसरला, आणि संपताना असा विरघळला की तबल्यावाल्याने कोणी न सांगताच ठेका धरला. ईश्वरने पहिल्या कडव्यानंतर मान हलवली. दुसऱ्यानंतर हात वर केला, बस, झालं, ठरलं, गणपतीत तूच. उर्मिलाने कीबोर्डवर कव्हर टाकलं आणि पाणी प्यायला गेली.

पड्याळ थांबले नाहीत. एक गाणं संपलं, त्यातूनच दुसरं काढलं. ईश्वर म्हणाला, चहा आलाय. पड्याळांनी मानेनेच नको म्हटलं, नजर तारांवर, ओठ घट्ट मिटलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. सगळ्यांना वाटलं, काका रंगात आलेत. तबल्यावाला तर भारावून गेला. खरं फक्त पड्याळांना ठाऊक होतं. हात आत्ता तारांवर होता. तो एकदा उचलला, तर पुन्हा ठेवावा लागणार होता. म्हणून त्यांनी तिसरं गाणं सुरू केलं.