आत्याचा पवित्रा

माझी आत्या बँकेच्या दारात कमरेला पिस्तूल लावून उभी असते. घरात मात्र झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, हाक मारते. दारातली ती जागा तिचा जीव की प्राण. गेल्या वर्षी नेमबाजीच्या चाचणीत तिचे हात थरथरले. यंदाही तसंच झालं असतं तर पिस्तूल काढून घेऊन तिला पार्किंगला उभं करणार होते.

प्रशिक्षकांनी शिकवलेला पवित्रा सरळसोट होता. छाती लक्ष्याकडे, पाय समांतर, दोन्ही हात ताठ. पिस्तूल घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून आत्या पाण्याने भरलेली स्टीलची बाटली धरून कपाटासमोर उभी राहायची. बाटली नुसती हलायची. तिचा डावा खांदा आखडलाय हे आम्हाला दिसत होतं, पण ती कबूल करेल तर ना.

हळूहळू बाटली स्थिर झाली. आत्याचे पाय जमिनीवर राहीनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पवित्रा करून दाखवू लागली. मग एका संध्याकाळी बाबांनी आमच्यादेखत तीच बाटली उचलून तोंडाला लावली.

"तू रोज पितोस यातलं?"

"जाता-येता घोटभर. तू भरत नव्हतीस, ताई?"

"मला वाटलं, माझ्या हातात जोर आला."

मला हसू आवरेना. आत्याने फणकाऱ्याने बाटली काठोकाठ भरली, हात ताठ केले, आणि थरथर परत सुरू. "खड्ड्यात जाऊ दे," म्हणत तिने उजवा पाय मागे टाकला, अंग तिरकं केलं, डावं कोपर वाकवलं. उजव्या हाताने पुढे रेटायचं, डाव्याने मागे खेचायचं. बाटली जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रशिक्षकांना खांद्याचं सांगून आपला शोध दाखवला.

"अहो, हा पवित्रा आहेच," ते म्हणाले. "खांदा दुखतो हे आधी बोलला असतात तर पहिल्याच दिवशी शिकवला असता."

चाचणीच्या दिवशी बाबा कामावर गेलेच नाहीत. आत्या आली, "दार माझंच," म्हणाली, आणि खुर्चीत बसून रडायला लागली. बाबा तेल घेऊन आले आणि तिचा खांदा चोळू लागले. तिने हात झटकला नाही.

"जरा वर," ती म्हणाली. "हां, तिथेच. फार दुखतं रे."